फेरीबोटीने खाड्या ओलांडत मांडवा ते रत्नागिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून गाडी बोटीत घालून मांडव्याला उतरायचं आणि पुढे महामार्गाला न लागता किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी गाठायची, हा प्रवास मी वेगवेगळ्या ऋतूंत केला आहे. मित्रमंडळी आणि नातेवाईक निघण्यापूर्वी जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. फेऱ्यांच्या वेळा आणि तिकिटांचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. ते ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारणंच बरं.

या मार्गावर नेमक्या किती ठिकाणी गाडी बोटीत चढवावी लागते?

पाच ठिकाणी. पहिली मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चालवत नेता येतात अशी बोट. दुसरी मुरूडजवळच्या आगरदांड्याहून दिघीला. तिसरी हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून वेसवीला, सावित्री नदीच्या म्हणजे बाणकोटच्या खाडीतून. चौथी दाभोळहून धोपाव्याला, वाशिष्ठीच्या खाडीतून. पाचवी तवसाळहून जयगडला, शास्त्री नदीच्या खाडीतून. मधल्या बाकीच्या खाड्यांवर पूल आहेत. अलिबागकडून मुरूडला जाताना रेवदंड्यापाशी कुंडलिका आपण पुलावरूनच ओलांडतो.

पहिली बोट सोडली तर बाकी चारही छोट्या, सपाट, उघड्या फेरीबोटी आहेत. गावात कुणी त्यांना जंगार म्हणतं, कुणी जंगलजेटी. ‘जंगलजेटी कुठंय?’ असं विचारलंत तरी लोक नीट रस्ता दाखवतात, झाडीत शिरायची भीती बाळगू नका.

रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी यांतल्या बहुतेक खाड्यांवर पूल प्रस्तावित आहेत, काही ठिकाणी काम चालूही आहे. ते झाले की प्रवास सोपा होईल, आणि तिथल्या माणसांना ते हवेच आहेत: रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला न्यायचं तर बोटीची वाट बघणं परवडत नाही. प्रवासी म्हणून मात्र ज्यांना हा मार्ग बोटींसह बघायचा आहे, त्यांनी फार लांबणीवर टाकू नये.

किती दिवस हवेत?

चार मुक्काम, पाच दिवस. तीन दिवसांत उरकणारे आहेत, पण त्यांच्या आठवणीत रस्ता राहतो आणि गावं राहत नाहीत.

माझी नेहमीची विभागणी सांगतो. पहिल्या दिवशी सकाळची रो-रो, मांडवा, अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद आणि मुरूडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी जंजिरा, मग आगरदांड्याहून दिघी, दिवेआगर, आणि किनाऱ्याच्या रस्त्याने श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवी, बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले आणि हर्णै-मुरूड परिसरात मुक्काम. चौथ्या दिवशी दापोलीवरून दाभोळ, खाडी ओलांडून गुहागर. पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी.

सहावा दिवस मिळत असेल तर तो दापोलीला द्या. कारण पुढे सांगितलं आहे.

मोबाइलवरचा नकाशा तर हे अंतर दोन दिवसांत होईल असं दाखवतो. मग पाच दिवस कशाला?

नकाशा बोटीची वाट बघण्याचा वेळ नीट धरत नाही, आणि या रस्त्यांवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही. रस्ता गावाच्या आळीतून जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, समोरून एसटी आली की कुणीतरी एकाने मागे जायचं. वाटेत गुरं असतात, रस्त्याकडेला वाळत घातलेली मासळी असते. हे सगळं सांभाळून चालवणं हाच या रस्त्याचा शिष्टाचार आहे.

म्हणून दिवसाची आखणी मुक्कामाच्या हॉटेलावरून करू नका, खाडीवरून करा. आज कोणती खाडी ओलांडायची आहे, तिथली शेवटची फेरी कधी सुटते आणि भरती-ओहोटी कधी आहे, ह्या तीन गोष्टी आधी ठरवा. जेवण, देऊळ, किल्ला, समुद्रस्नान यांना त्यांच्या अलीकडे-पलीकडे जागा आपोआप मिळते. उलट केलंत तर संध्याकाळी धक्क्यावर पोचून शेवटची बोट पलीकडे लागताना बघावी लागते. दाभोळसारख्या ठिकाणी बोट चुकली, तर गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो. तोही रात्री, घाटीच्या रस्त्याने.

रो-रोने जावं की अटल सेतूवरून सरळ गाडीने?

मार्च २०२० मध्ये ही रो-रो सुरू झाली, आणि लगेच टाळेबंदीमुळे काही महिने थांबली. साधारण तासाभरात बोट मांडव्याला पोचते. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ असं शंभर किलोमीटरच्या वर जावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालं आहे. तरी वडखळ ते अलिबाग पट्ट्यात शनिवारी सकाळी काय होईल ते सांगता येत नाही.

खर्च बघितला तर गाडीत दोघंच असतील तेव्हा रो-रो महाग वाटते, कारण गाडीचं भाडं वेगळं आणि माणशी तिकीट वेगळं. चार-पाच जण असाल तर फरक कमी होतो. मी जाताना बोटीने जातो आणि येताना रस्त्याने. सुट्टी बोटीत पाऊल ठेवल्याबरोबर सुरू होते. परतीला तो उत्साह नसतो, घर गाठायचं असतं.

शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना आगाऊ आरक्षण केल्याशिवाय भाऊच्या धक्क्यावर जाऊ नका. आरक्षण करताना गाडीचा प्रकार बरोबर निवडा. सुटण्याच्या वेळेच्या बरंच आधी पोचा, कारण धक्क्याजवळचा रस्ता मासळीच्या ट्रकांनी भरलेला असतो, विशेषतः पहाटे.

पुण्याहून निघणाऱ्यांनी काय करावं?

मुंबईला येऊन रो-रो पकडायची गरज नाही. ताम्हिणी घाटाने माणगावला उतरा, तिथून म्हसळामार्गे दिवेआगर किंवा श्रीवर्धन. पहिली खाडी मग बागमांडल्याची. जंजिरा पाहायचाच असेल तर दिघीहूनही किल्ल्यात होड्या जातात.

छोट्या फेरीबोटीत गाडी चढवायची भीती वाटते. कशी चढवायची?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो.

धक्क्यावर रांगेत गाडी लावून तिकीट काढा. बोट लागली की आधी पलीकडून आलेल्या गाड्या आणि माणसं उतरतात. मग खलाशी हाताने खुणा करतो. गाडीतल्या बाकीच्यांना आधीच खाली उतरवा आणि चालत बोटीवर जाऊ द्या. याने गाडी हलकी होते आणि उतारावर तिचं पोट घासत नाही. काचा खाली करा, गाणी बंद करा, म्हणजे खलाशी काय सांगतोय ते ऐकू येईल. नजर त्याच्या हातावर ठेवा. मागे बसलेल्या मेव्हण्याच्या सूचना त्या दोन मिनिटांपुरत्या बाजूला राहू द्या.

काही बोटींना एकाच टोकाला उतरणारी फळी असते. अशा वेळी गाडी उलटी चढवावी लागते किंवा पलीकडे उलटी उतरवावी लागते. घाई कुणालाच नसते, पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर पुन्हा पुढे घेऊन करा. चढताना पहिल्या गिअरमध्ये एकसारखा, हलका वेग ठेवा. फळीवर मध्येच थांबून पुन्हा जोर लावला की ओल्या लोखंडावर चाकं घसरतात.

जागेवर लागल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगवर. गाड्या इतक्या जवळ लावतात की दार पुरतं उघडत नाही, म्हणून पाण्याची बाटली, औषध, कॅमेरा आधीच हातात घ्या. संध्याकाळी गाडीचे दिवे बंद करा. समोर बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या डोळ्यांवर उजेड पडला तर त्याला धक्का दिसत नाही.

रो-रोवर प्रकार वेगळा आहे. तिथे गाडी खालच्या मजल्यावर लावून वर जाऊन बसायचं, आणि बोट चालू असताना खाली गाडीपाशी जाता येत नाही. आत बसल्यावर ‘अरे, आजीची गोळी गाडीत राहिली’ असं होऊ देऊ नका.

भरती-ओहोटीचा फेरीबोटीशी काय संबंध?

ओहोटीला पाणी खाली जातं तसा धक्क्याचा उतार लांब आणि तीव्र होतो, त्यावर शेवाळ आणि चिखल असतो. जमिनीपासून कमी उंच असलेल्या गाड्या अशा वेळी घासतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या ओहोटीला कधीकधी बोटीला पाणी वाढेपर्यंत थांबावं लागतं. तुमची गाडी बुटकी असेल तर शक्यतो पाणी भरलेलं असताना खाडी ओलांडा.

भरतीची वेळ कशी काढायची?

किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीवरून काढतात आणि ही रीत आजही उपयोगी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. सहा तास पुढे-मागे गेलं की ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. तिथी शुक्ल पक्षातली असो वा कृष्ण पक्षातली, हिशेब तोच. घरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही.

हा ठोकळ हिशेब आहे. मुंबईपेक्षा रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला जोर कमी. फेरीबोटीची वेळ ठरवायला पाऊणपटीचं गणित पुरतं. पाण्यातून चालत कुठे जायचं असेल तर छापील वेळापत्रक बघा आणि गावातल्या कोळ्यांना विचारा.

याच हिशेबावर बाकीच्या दोन गोष्टी ठरतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण पाणी फिरायच्या आत परत यायला हवं. आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागून खडकातल्या पायऱ्यांनी समुद्रापर्यंत उतरणारी ती वाट फक्त ओहोटीलाच करायची. लाटांनी खोदलेले खडक बघत माणूस रेंगाळतो, आणि तिथे लाट अंगावर येते ती अचानक. त्या खडकांवरून माणसं वाहून गेलेली आहेत. तिथे पाठ समुद्राकडे करून फोटो काढू नका, ही माझी हात जोडून विनंती.

बोट लागते, काय करू?

चार छोट्या खाड्यांत सहसा काही होत नाही. दहा-वीस मिनिटांचा प्रश्न, पाणीही शांत. मुंबई-मांडवा टप्प्यात वारा असेल तर त्रास होऊ शकतो. पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि तुडुंब भरूनही निघू नका. बोटीच्या मध्यभागी, उघड्या हवेत उभे राहा आणि लांब क्षितिजाकडे बघा. मोबाइलमध्ये डोकं घालाल तर नक्की मळमळेल. त्याहून जास्त त्रास पुढच्या वळणांवर गाडी लागण्याचा होतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल तर ती निघण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.

हिवाळ्यात रो-रोच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा येतो. त्यांना चिवडा-वेफर टाकू नका. ते लांबून स्थलांतर करून आलेले पक्षी आहेत, मासे खाणारे. आपलं तळलेलं, खारट खाणं त्यांना सोसत नाही.

एकाच नावाची गावं दिसतात, घोळ होतो. खरं वेळास कोणतं?

दोन्ही खरी. दिघीहून दिवेआगरकडे जाताना लागतं ते रायगड जिल्ह्यातलं वेळास. कासवांसाठी प्रसिद्ध असलेलं वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, बाणकोटजवळ, म्हणजे बागमांडल्याची खाडी ओलांडल्यावर. नाना फडणवीसांचं मूळ गावही हेच.

मुरूडचं तसंच. जंजिऱ्याचं मुरूड रायगडमध्ये, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं मुरूड दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. एका स्नेह्याने खोली दापोलीच्या मुरूडला घेतली आणि रात्री आठ वाजता जंजिऱ्याच्या मुरूडात घर शोधत फिरला. मध्ये दोन खाड्या होत्या. आरक्षण करताना तालुका आणि जिल्हा विचाराच. राजपुरी आणि राजापूर यांतही गफलत करू नका: जंजिऱ्याच्या होड्या राजपुरीहून सुटतात, राजापूर रत्नागिरीच्याही दक्षिणेला आहे.

कासवं कधी दिसतात?

ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. म्हणून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंतचा काळ चांगला. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंड्यांचं रक्षण सुरू केलं. तोपर्यंत घरटी उकरून अंडी नेली जात असत. आता तीच अंडी कुंपणात जपली जातात आणि पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात.

पिल्लं दिसतीलच असं नाही. तीन वेळा जाऊन एकदा दिसली तरी ती सकाळ विसरली जात नाही. टोपली उचलली की ती चिमुकली जीवमात्रं क्षणभर थबकतात आणि मग सगळी एकाच दिशेला चालू लागतात. दोरीच्या अलीकडे राहा, फ्लॅश मारू नका, पिल्लाला हात लावू नका. मुक्काम गावातल्या घरी करा. गादी जमिनीवर असेल, जेवण घरचं असेल, आणि कासव जपण्यातून त्या घराला चार पैसे मिळतील.

वाटेतलं सगळं बघून होत नाही. काय सोडू नये?

माझी पसंती सांगतो, तुमची वेगळी असू शकते.

जंजिरा सगळेच बघतात, आणि बघावाच. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही. जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा कुठे आहे ते कळत नाही, यातच बांधणाऱ्याचं कसब दिसतं. शिडाच्या होडीने जाता आलं तर तसंच जा. परतीची घाई असते, तेव्हा आत शिरल्यावर आधी तटावर चढा, कलाल बांगडी तोफ बघा, आणि मग तळं.

त्याआधी कोर्लईला थांबा. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात. पोर्तुगीज गेले १७४० च्या सुमारास. बोली अजून आहे.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. दुपारी साडेचारनंतर तिथून जा आणि वाटेत दोनदा तरी थांबा. दिवेआगरला १९९७ मध्ये एका बागेत सोन्याचा गणेशाचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीला गेला. नंतर २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवण्यात आला.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि त्याच्या समोर खाली पसरलेली माडांची बाग. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी होणारा मासळीचा लिलाव. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. लिलावात मध्ये-मध्ये उभे राहू नका, ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे.

किनारा सोडून थोडं आत गेलं तर काय आहे?

खूप आहे, आणि तिथे गर्दी नसते. त्यासाठीच सहावा दिवस दापोलीला द्या म्हणालो. दापोलीहून आत पन्हाळेकाजीला कोटजाई नदीकाठी २९ कोरीव लेणी आहेत. बौद्ध, शैव, गाणपत्य, नाथ असे निरनिराळे पंथ एकापाठोपाठ इथे नांदून गेले, त्यांच्या खुणा एकाच रांगेत दिसतात. मी गेलो तेव्हा आमच्याशिवाय कुणी नव्हतं, नदीचा आवाज तेवढा होता.

गुहागर आणि रत्नागिरी तालुक्यांत सड्यावरून जाणारे रस्ते घ्या. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं, सपाट पठार. मेमध्ये तो काळाकुट्ट, तापलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच खडकावर बोटभर उंचीची निळी-पिवळी फुलं येतात. या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पं आहेत. उक्षीचा हत्ती त्यांतला सहज बघता येण्यासारखा. २०२२ मध्ये या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. रेषांवर पाय ठेवू नका, खडूने रंगवून फोटो काढू नका.

जयगडहून गणपतीपुळ्याला जाताना मालगुंडला थांबा. तिथे केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. अर्धा तास पुरतो.

जेवणाचं काय?

खानावळीत किंवा मुक्कामाच्या घरी निदान दोन तास आधी फोन करून सांगा. घरगुती ठिकाणी आयतं काही नसतं, माणसं मोजून भाकऱ्या होतात. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्या काळात ताज्या सुरमई-पापलेटाचा आग्रह धरू नका. सुकी मासळी, खाडीतले मासे, आणि पावसाळी भाज्या छान मिळतात. फणसाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, आंबोळी, तांदळाची भाकरी, सोलकढी यांवर शाकाहारी माणूस पाच दिवस आनंदाने राहतो.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत सुखाचं. मार्चमध्ये शिमग्याच्या पालख्या बघायला मिळतात, एखाद्या गावात पालखी रस्त्यावर आली तर गाडी बंद करून उतरा आणि दर्शन घ्या, हॉर्न वाजवू नका. एप्रिल-मे म्हणजे आंबा आणि घाम. गणपतीच्या आधीचे तीन-चार दिवस आणि गौरी-विसर्जनानंतरचे दोन दिवस मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची रीघ असते, तेव्हा तो रस्ता त्यांच्यासाठी सोडा. दिवाळी आणि वर्षअखेरीला फेरीबोटींवर लांबच लांब रांगा लागतात.

पावसाळ्यात हा मार्ग सर्वांत देखणा आणि सर्वांत बेभरवशाचा. वारा-पाणी बघून कुठलीही फेरी बंद ठेवली जाऊ शकते, जंजिऱ्याच्या होड्याही तेव्हा बंद असतात, दरड कोसळून घाट अडतो. जायचं असेल तर दर दिवशी महामार्गाने जायचा पर्यायी रस्ता ठरवून ठेवा आणि मुक्कामाच्या घरी तसं सांगून ठेवा. समुद्रात पोहायला उतरू नका.

गाडी वाळूवर न्यावी का?

नाही. ओल्या, कडक वाटणाऱ्या वाळूखाली मऊ वाळू असते. चाक रुतलं की जितकं फिरवाल तितकं खाली जातं, आणि भरती थांबत नाही. शिवाय त्याच वाळूत कासवांची घरटी आणि खेकड्यांची बिळं असतात. पोलीसही कारवाई करतात. पुळणीच्या अलीकडे, सुरूच्या बनाबाहेर गाडी लावा आणि चालत जा.

निघण्यापूर्वी गाडीचं काय बघावं?

हँडब्रेक धरतो का, हे पहिलं. त्यानंतर स्टेपनीतली हवा, काचेचे वायपर, हॉर्न. पेट्रोल-डिझेल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांतून भरत चला, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. सीएनजीवर पूर्ण भिस्त नको. विजेवरची गाडी असेल तर चार्जिंगची सोय आहे का हे मुक्कामाच्या घरी विचारून मगच खोली ठरवा. धक्क्यांवर रेंज जाते, म्हणून सुटे पैसे जवळ असू द्या.

आणि परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. बोटीच्या फळीवरून उतरताना खारं पाणी तळाला उडतं, ते महिन्याभरात गंज धरवतं.

रत्नागिरीहून परत कसं यायचं?

मुंबईकरांनी महामार्गाने, चिपळूण-खेड-पोलादपूर करत. कशेडीचा जुना वळणांचा घाट आता बोगद्यामुळे टळतो. पुणेकरांना चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, किंवा रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाऊन महामार्गाला लागता येतं. आंबा घाटातून जाणार असाल तर पहाटे निघा. रात्री आणि पावसात तिथे दाट धुकं उतरतं.

वेळ असेल आणि मन भरलं नसेल तर पुढे भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, विजयदुर्ग असं दक्षिणेला जाता येतं. त्या बाजूच्या मोठ्या खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे बोटीचं वेळापत्रक सांभाळावं लागत नाही.